तुम्ही विचारलंत म्हणून: मोदक चालतो का तुम्हाला?

भाद्रपद आला की कुणी ना कुणी विचारतंच. ऑफिसात नवीन आलेली मुलगी विचारते, बी विंगच्या काकू विचारतात, मागच्या वर्षी तर रिक्षावाल्या दादांनी विचारलं, गळ्यातला क्रॉस आरशात दिसला असणार. तुम्ही ख्रिश्चन ना, मग गणपतीचा प्रसाद खाता का? आणि आमच्या मंडळीतली (मंडळी म्हणजे आमच्या भाषेत चर्चची माणसं) पोरं उलट बाजूने विचारतात, आंटी तुम्ही प्रसाद खाता असं ऐकलं, खरं का? दोन्हीकडून चौकशी चालू, त्यामुळे म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

मी मूळची नगरची, आता पुण्यात खराडीला राहते. नगरचे ख्रिस्ती म्हणजे अमेरिकन मराठी मिशनची मंडळी, ते मिशन मुंबईत आलं 1813 ला आणि नगरला 1831 ला, आणि 1970 पासून आम्ही सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. म्हणजे पिढ्या झाल्या आम्हाला. भेटलो की सलाम म्हणतो, उपासनेत पेटी तबला झांजा असतात, लग्नात मंगळसूत्र असतं, नाताळला केक कमी आणि करंज्या चकल्या शंकरपाळे जास्त. (मिक्सर नव्हता तेव्हाही आमच्या आईने नाताळची करंजी केली नाही असं एक वर्ष नाही.) त्यामुळे 'तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं बोलता' असं कुणी विचारलं की मी फक्त हसते, तो वेगळा विषय, त्यात आता शिरत नाही.

तर प्रसाद. आमच्या घरातच दोन पक्ष होते. आजी खायची नाही. तिला बायबलमधला दानीएल पाठ होता, राजाच्या ताटातलं अन्न नको म्हणणारा, आणि शेजारून वाटी आली की ती गोड बोलून घ्यायची, मुलांना देते म्हणायची आणि ती वाटी मोलकरणीच्या पोरांना जायची, आम्हाला नाही. पप्पा मात्र खायचे, आणि चवीने खायचे, आणि त्यांचं कारण बायबलमधलं नव्हतंच. ते म्हणायचे, माझ्या आजोबांच्या वडिलांना गावात देवळाची पायरी चढू देत नव्हते, प्रसाद द्यायचा तर वरून पदरात टाकायचे, हाताला हात लागायला नको म्हणून. आता तेच लोक माझ्या दारात येतात, बेल वाजवतात, हातात वाटी देतात, आणि मी नाही म्हणू? आजी यावर गप्प बसायची. मला तेव्हा पप्पा जिंकले असं वाटायचं, आता तेवढी खात्री नाही.

खूप जणांना माहीत नसतं, पण हा प्रश्न नवा नाहीच, पौलाला (येशूचा प्रेषित, बायबलमध्ये त्याची पत्रं आहेत) करिंथच्या लोकांनी हाच विचारला होता, साधारण इसवी सन 55 च्या सुमाराला. करिंथ म्हणजे ग्रीसमधलं श्रीमंत व्यापारी शहर, दोन बाजूंना दोन बंदरं, आणि देवळंच देवळं. देवळात बळी दिलेल्या जनावराचं थोडं मांस वेदीवर जायचं, थोडं पुजाऱ्याला, काही तिथल्या पंगतीत आणि उरलेलं बाजारात विकायला. आणि देवळाला लागून जेवणाच्या खोल्या असायच्या, उत्खननात सापडल्यात त्या, आपल्याकडे मंगल कार्यालय कसं असतं तसं धरा, मित्राने जेवायला बोलावलं तर ते तिथेच. म्हणजे नवीन ख्रिस्ती झालेल्या माणसाने मित्राकडे जेवायचं की नाही, बाजारातून मटण आणायचं की नाही, इथपर्यंत गोष्ट आलेली.

पौलाचं उत्तर, म्हणजे करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, वाचलं की पहिल्यांदा वाटतं हा माणूस दोन्हीकडून बोलतोय. आठव्या अध्यायात म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाही, देव एकच, अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही नाही. (माझ्या हिंदू मैत्रिणी हे वाचतील आणि त्यांना हे टोचेल, मला माहीत आहे, मलाही त्यांच्या समोर बसून हे म्हणायला जड जातं, पण पत्रात आहे ते आहे.) मग दहाव्यात एकदम कडक होतो, देवळातल्या पंगतीत आणि प्रभूच्या मेजावर (म्हणजे चर्चमधल्या प्रभुभोजनाला) असं दोन्हीकडे बसता येणार नाही. आणि मग पुन्हा नरम, बाजारात मिळेल ते न विचारता खा, कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण कुणी तुला सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नकोस, आणि ते तुझ्यासाठी नाही, त्या सांगणाऱ्यासाठी.

दरवर्षी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप फिरते, कुणी प्रचारक, प्रसाद खाल्ला की भूत आत शिरतं म्हणून ओरडत असतो. तो फक्त दहाव्यातला कडक तुकडा वाचतो. आणि ऑफिसातले आमचे मॉडर्न ख्रिस्ती मित्र फक्त आठव्यातला सोयीचा तुकडा वाचतात, अन्न ते अन्न, काय फरक पडतो. मी स्वतः बरीच वर्षं या दुसऱ्या टोळीत होते, खोटं कशाला बोलू. मला मोदक आवडतात. उकडीचा, गरम, वर तुपाची धार, सारणात जरा जायफळ. काकू स्टीलच्या डब्यात क्रोशाच्या रुमालाखाली आणायच्या, दारात उभ्या राहून विचारायच्या 'चालतं ना हो तुम्हाला?' आणि मी 'न चालायला काय झालं' म्हणून दारातच एक तोंडात टाकायचे.

मग आमच्या घरी प्रार्थना सभा होती. गणपतीचेच दिवस. आमच्या मंडळीत एक मावशी आहेत, चार घरची कामं करतात, बाप्तिस्मा घेऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. त्याआधी त्यांच्या अंगात देवी यायची, लांबून लोक यायचे विचारायला. विश्वासात आल्या तेव्हा देव्हाऱ्यातले टाक लाल कापडात बांधून दिराच्या घरी नेऊन दिले आणि त्या दिवसापासून दिराने बोलणं टाकलं, भावाने भाऊबीजेला बोलवायचं बंद केलं. म्हणजे आमच्यासारखं आयतं नाही, मोजून किंमत दिलेली बाई. तर सभा संपली, चहा झाला, टेबलावर मोदकांचा डबा होता, मी सहज सगळ्यांपुढे फिरवला आणि सहजच म्हटलं, घ्या, काकूंकडच्या गणपतीचे आहेत. मावशींचा हात डब्यात गेला होता तो तसाच थांबला. मग त्यांनी तो हात पदराला पुसला. काही लागलं नव्हतं हाताला.

पुढचे चार रविवार त्या आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा आधी बरं नाही म्हणाल्या, मग चहा ठेवता ठेवता पाठ करूनच म्हणाल्या, ताई तुम्हाला समदं चालतं, मग म्या कशापायी सोडलं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवा अध्याय मी वीसदा वाचलेला, त्यात हीच बाई आहे, तुझ्या ज्ञानामुळे ज्या दुबळ्या भावाचा नाश होतो तो भाऊ, आणि मी आपली तिला दुबळी समजून वाचत आलेले. आता मला वाटतं पौलाने शब्द जरा चुकीचा वापरला, पण तो पौल आहे, मी अकाउंट्समध्ये आहे.

तेव्हापासून माझं असं आहे: प्रसाद म्हणून हातात दिला तर खात नाही. डबा घेते, आभार मानते, नमस्कार करते, खात नाही. आरतीला सोसायटीत खाली जाते, मागे उभी राहते, टाळ्या वाजवत नाही. त्यावरूनही बोलणारे आहेत, त्यांना मी बायबलमधला नामान सांगते, अरामाचा सेनापती, कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला होता की माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं माफ व्हावं. अलीशाने त्याला भाषण नाही दिलं, शांतीने जा म्हणाला. आता तो काही सर्वांसाठी नियम करून गेला नाही, पण मला तेवढं पुरतं. वर्गणी देते. विसर्जनाच्या दिवशी पोरांना वडापाव आमच्याकडून असतो. आणि काकूंच्या घरी इतर दिवशी जेवते, त्यांनी देव्हाऱ्यापुढे काय ठेवलं होतं ते विचारत नाही, तसं पत्रातच लिहिलंय.

हे काकूंना सांगणं मात्र सगळ्यात अवघड गेलं. पंधरा वर्षं दारात उभं राहून खाणारी बाई अचानक नको म्हणते म्हटल्यावर त्यांना वाटलं कुणीतरी माझे कान भरले, चर्चमधून दबाव आलाय, बातम्यांत काय काय येतं हल्ली त्यातलं काहीतरी. मी मावशींचं नाव न घेता सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहरा पडलाच. नाताळला मी फराळाचं ताट घेऊन गेले तर त्यांनी ताट घेतलं, आत नेलं, आणि मला कळेना की त्या खातायत की मोलकरणीला देतायत. आजी आठवली. म्हटलं आता कळलं ना त्या बाजूला कसं वाटतं.

यावर्षी चतुर्थीला सकाळीच बेल वाजली, अकरा पण झाले नव्हते. काकू, हातात तोच डबा, पण रुमाल नाही. म्हणाल्या हे पाच तुमचे, नैवेद्याच्या आधी काढून ठेवलेत, दाखवलेले नाहीत, आता तरी खा. मला दोन मिनिटं कळलंच नाही काय म्हणतायत. मग कळलं, आणि कसंतरीच झालं, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी त्यातलं कुणाला काढून देत नाहीत, चवसुद्धा बघत नाहीत, हे मला इतक्या वर्षांच्या शेजारात माहीत आहे. मी म्हटलं काकू असं नको होतं करायला. त्या म्हणाल्या मी बाप्पाला सांगितलंय, तुम्ही नका टेन्शन घेऊ, गरम आहेत तोवर खा.

तीन आम्ही खाल्ले. दोन मी संध्याकाळी मावशींकडे नेले आणि जसं झालं तसं सगळं सांगितलं. मावशींनी एक उचलला, कळ्या मोजल्यासारखं करून बघितलं आणि म्हणाल्या, देवाच्या आधी काढलं? आगं बया! आमच्या सासूनं हात तोडला आसता.

मग दोन्ही खाल्ले.