दोन मिलिमीटर कुठून आले?

माझ्या मॉडेल रेल्वेसाठी एचओ प्रमाणातील, म्हणजे मूळच्या ८७व्या भागाएवढ्या, मालगोदामाची लांब भिंत कापून तळाच्या पुठ्ठ्यावर उभी केली, तेव्हा ती दोन मिलिमीटर जास्त भरली. तळ २६२ मिलिमीटरचा होता आणि भिंत २६४ची. फूटपट्टी तीच, कटर तोच, हिशेबही दोनदा तपासलेला, त्यामुळे चूक सापडायला अख्खी संध्याकाळ गेली.

मूळ इमारतीला १.९ मीटरचे बारा गाळे आहेत. १:८७ या प्रमाणात एक गाळा २१.८४ मिलिमीटरचा होतो. मी सोयीसाठी २२ धरले आणि एका खुणेवरून पुढची, तिच्यावरून त्यापुढची अशा बारा खुणा करत गेलो. एका गाळ्यातला ०.१६ मिलिमीटरचा फरक पेन्सिलीच्या रेघेतच लपतो. बारा गाळ्यांचा मिळून मात्र जवळपास दोन मिलिमीटर, म्हणजे मूळ इमारतीतले सुमारे १७ सेंटीमीटर होतो. तळाचे माप मी पूर्ण २२.८ मीटरवरून एकदाच काढले होते, म्हणून ते बरोबर आले. आता प्रत्येक खिडकीचे आणि दाराचे अंतर भिंतीच्या डाव्या कडेपासूनच मोजतो आणि दशांश अगदी शेवटी, खूण करतानाच सोडतो.

पुठ्ठ्याच्या जाडीचेही असेच आहे. दोन मिलिमीटरचा पुठ्ठा म्हणजे या प्रमाणात १७ सेंटीमीटरहून थोडी जास्त जाडीची भिंत. आडव्या भिंती लांब भिंतींच्या मध्ये बसवायच्या असतील, तर त्या बाहेरच्या मापापेक्षा चार मिलिमीटर कमी कापाव्या लागतात. हे मला पाठ आहे, तरी दर दोन-तीन इमारतींमागे एकदा विसरतो.

जिथे टेप लावता येत नाही, तिथे मी समोरून सरळ काढलेल्या छायाचित्रात विटांचे थर मोजतो. त्याआधी हाताशी येणाऱ्या जागी दहा थरांची उंची सांध्यांसकट मोजून घेतो, कारण वीट सगळीकडे एकाच मापाची नसते. छायाचित्र तिरके असेल, तर दूरचे गाळे आखूड दिसतात आणि सगळा हिशेब फसतो.

तयार दारे-खिडक्या विकत घेताना प्रमाण नीट वाचावे. एचओ आणि ओओ या मॉडेल रेल्वेच्या दोन्ही प्रमाणांत दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटरच असल्यामुळे ती एकच आहेत असे अनेकांना वाटते. परंतु एचओमध्ये एका फुटाला ३.५ मिलिमीटर धरतात आणि ओओमध्ये ४. दोन मीटरचे दार पहिल्यात २३ मिलिमीटर उंच, तर दुसऱ्यात २६हून थोडे अधिक होते, आणि शेजारी उभ्या केलेल्या हमालाच्या पुतळ्यामुळे हा फरक लगेच उघडा पडतो.

फलाटाच्या लांबीबाबत मात्र मी इतका काटेकोर नाही. २० मीटरच्या बारा डब्यांना पुरणारा फलाट २.७५ मीटरहून लांब होईल, आणि तेवढे टेबल माझ्याकडे नाही. त्यामुळे लांबी कमी करतो; दार, पायरी आणि कठडा यांना हात लावत नाही.

ती २६४ची भिंत मी टाकून दिली नाही. शेवटचा गाळा दोन मिलिमीटर अरुंद करून ती मागच्या बाजूला बसवली आहे.