शुल्क माफ केलं, तरी विद्यार्थी येत का नाहीत?

शाळेतला छळ रोखण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय परिषदांत विद्यार्थ्यांचं नोंदणी शुल्क माफ झालं की आयोजक निश्चिंत होतात. घोडं पुढेच अडतं. ‘तिकीट काढा, पावत्या द्या, पैसे नंतर मिळतील’ या अटीने गरीब घरचं मूल तिथेच गळतं. तिकीट आयोजकांनीच काढावं. १८ वर्षांखालच्या मुलासोबत येणाऱ्या पालकाचा वा शिक्षकाचा खर्चही त्यातच धरावा, नाहीतर शिष्यवृत्ती कागदावरच राहते. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र निदान ३ महिने आधी हातात हवं. पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्रही अनेकदा लागतं, आणि ते कळतं नेमकं शेवटच्या आठवड्यात!

निवडीसाठी इंग्रजी निबंध मागवला की ठरावीक शाळांचीच मुलं येतात. स्वतःच्या भाषेतलं २ मिनिटांचं ध्वनिमुद्रण पुरे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं १२वं कलम मुलांच्या मताला वजन द्यायला सांगतं. शोभेपुरतं मंचावर बसवायला नव्हे. तेव्हा विषय ठरतानाच समितीत २-३ विद्यार्थी घ्या. स्वतःवर झालेला छळ मंचावरून सांगायला मात्र कुणालाही भाग पाडू नका. चित्रफीत नेटवर राहते, आणि वर्गातली तीच टोळी ती पाहते. चित्रीकरणाची परवानगी पालकांखेरीज मुलाकडूनही वेगळी घ्या, आणि ती कार्यक्रमानंतरही मागे घेता यावी.