वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर असेल तर तो आजच बदला

घरच्या वायफायला कुणाचा तरी मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून ठेवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. फायबर जोडायला आलेला माणूस घाईत असतो, नंबर सगळ्यांना पाठ असतो, पाहुण्यांना सांगायलाही सोपा. दहा आकडे आहेत म्हणजे पुरेसा अवघड असणार, असं वाटतं. तो अजिबात अवघड नाही, आणि का नाही हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हा पासवर्ड हवेतून जात नाही. दोघांमधे चार छोटे संदेश होतात आणि पासवर्ड दोघांकडे एकच आहे याची खात्री पटते. हे चार संदेश आसपासच्या कुणालाही टिपता येतात. जिन्यात किंवा खालच्या पार्किंगमधे लॅपटॉप घेऊन बसलेल्याला वाट बघायचीही गरज नसते: तो ‘कनेक्शन तोडा’ असा खोटा संदेश सोडतो, तुमचा फोन तुटून आपोआप पुन्हा जोडला जातो, आणि संदेश त्याच्या हाती लागतात. पुढचं काम तो स्वतःच्या घरी करतो. एकेक पासवर्ड घ्यायचा, त्यावर फोन आणि राउटर करतात तेच गणित करायचं, उत्तर टिपलेल्या संदेशाशी जुळतं का बघायचं. तीनदा पिन चुकला की एटीएम कार्ड अडतं, तशी अडवणूक इथे कुणीच करत नाही, कारण तुमच्या राउटरला यातलं काही कळतच नाही.

आता हिशेब. भारतातला मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत प्रत्येक पासवर्ड ४,०९६ फेऱ्यांतून काढावा लागतो, तरीही हॅशकॅटसारखं सॉफ्टवेअर एका चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पासवर्ड तपासतं. ४,००० सेकंद. तासाभरात देशातले सगळे नंबर तपासून होतात. २०२१ मधे इडो हूरविच या सुरक्षा संशोधकाने तेल अवीवमधे फिरून ५,००० नेटवर्कची माहिती टिपली आणि त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांचे पासवर्ड शोधून काढले. त्यातही खूपसे मोबाईल नंबरच होते. त्याने वापरलेल्या पद्धतीत तर कुणी वायफायला जोडलेलं असण्याचीही गरज नव्हती. अनेक राउटर विचारल्याबरोबर लागणारी माहिती देऊन टाकतात.

त्यात वायफायचं नाव आडनाव आणि फ्लॅट नंबर असं असेल, तर ग्राफिक्स कार्डही नको. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधे तो नंबर असतोच. नावात घर ओळखता येईल असं काही ठेवू नका.

एखाद्याने फुकट नेट वापरलं तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांनी २००८ आठवावं. २६ जुलैला अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात पोहोचले. बाहेरच्या जगाला फक्त तुमच्या कनेक्शनचा पत्ता दिसतो.

पासवर्ड कसा असावा? लहान अक्षरं आणि आकडे मिसळून आठ अक्षरी ठेवला, तर वरच्याच वेगाने तो महिन्याभरात सापडतो. तसाच पण बारा अक्षरी ठेवला, तर दीड लाख वर्षं लागतील. लांबीला एवढी किंमत आहे. मर्यादा ६३ अक्षरांची आहे, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत: छत्री, फोडणी, डोंगर, मंगळवार, खिळा अशा धर्तीवर. हेच पाच मात्र घेऊ नका. पुस्तक कुठेही उघडून बोट ठेवाल तो शब्द घ्या; म्हण, अभंगाची ओळ किंवा मुलांची नावं नकोत.

बदलण्यासाठी फोनमधे वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ पाहा. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो ब्राउझरमधे टाका, राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या युजरनेम-पासवर्डने आत शिरा, आणि सगळ्यात आधी हा अॅडमिन पासवर्ड बदला. मग वायफायचा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं असतील तर दोन्हीकडे बदला. दुसरं हमखास राहून जातं.

तिथेच डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि उरलेले चार व तीन अशा दोन तुकड्यांत तपासले जातात. म्हणजे एक कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. हे २०११ मधेच उघड झालं आहे, तरी पुष्कळ राउटरवर ते चालूच असतं.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ असेल तर तो निवडा. त्यात प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, त्यामुळे घरी नेऊन फोडण्याचा मार्ग बंद होतो. अडचण जुन्या उपकरणांची: जुना प्रिंटर, स्मार्ट प्लग, कॅमेरे त्याला जोडलेच जात नाहीत. मग मिश्र पर्याय घ्यावा लागतो, पण त्यात डब्ल्यूपीए२ ची बाजू उघडीच राहते, म्हणून लांब पासवर्ड हवाच. डब्ल्यूपीए२ घेताना संदेश सांकेतिक करण्याची पद्धत ‘एईएस’ ठेवा, जुनी ‘टीकेआयपी’ नको. ‘पीएमएफ’ चा पर्याय दिसला तर चालू करा. तो कनेक्शन तोडण्याचे खोटे संदेश ओळखतो.

नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक उपकरणांनाच त्यांच्या मॅक पत्त्यावरून जोडू देणं) यांवर वेळ घालवू नका. मॅक पत्ता प्रत्येक संदेशात उघडा जातो, तो नक्कल करायला मिनिटही लागत नाही. आणि नाव लपवलंत तर तुमचाच फोन बाहेर गेल्यावर त्या नावाने हाका मारत फिरतो.

पाहुणे, टीव्ही आणि कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरवरच्या वेगळ्या वायफायवर ठेवा. पीजीमधे किंवा कॅफेत एकच पासवर्ड सगळ्यांना दिलेला असतो, तिथे डब्ल्यूपीए२ वर शेजारी बसलेला तुमचे सुरुवातीचे चार संदेश टिपून पुढचं उलगडू शकतो. साइट एचटीटीपीएस (सांकेतिक जोडणी) वापरत असेल तर मजकूर सुरक्षित राहतो, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते त्याला दिसतं. अशा ठिकाणी बँकेचं काम मोबाईल डेटावर करा, आणि निघताना ते नेटवर्क फोनमधून काढून टाका, नाहीतर त्याच नावाचं खोटं वायफाय दिसलं की फोन न विचारता जोडला जाईल.

कंपनीने राउटर बदलला किंवा कुणी मागचं रिसेटचं बटण दाबलं की हे सगळं जुन्या जागी येतं. तंत्रज्ञ निघायच्या आत पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस पुन्हा पाहून घ्या.