फडताळातले मथळे

रविवार, रात्री साडेनऊ

पाडवा जवळ आला म्हणून आज माजघरातलं फडताळ काढलं. जुने कागद उचलून नवे अंथरायचे, अर्ध्या तासाचं काम. जेवायला मात्र चार वाजले. आप्पा पेपर अंथरताना जपण्यासारखी पानं मुद्दाम तळाशी घालायचे, आणि मी एकेक पान उचलून वाचत बसले.

पहिलंच हाताला लागलं ते जुलै 1979 चं. स्कायलॅब! मी तेव्हा चौथीत. सत्तरेक टनांचं अमेरिकेचं यान वरनं निसटलंय आणि कुठं पडेल ते कुणालाच सांगता येत नाही, एवढंच आम्हाला कळलं होतं. आणि घरी सगळ्यांचं ठरून गेलं की ते बेळगावात आमच्या शहापुरातच पडणार, आमच्याच कौलांवर. आजीनं अंड्यावरची कोंबडी कापायला लावली. "खावा पोरांनो पोटभर, उद्याचं कुणी बघितलंय!" कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दहा तारखेच्या आत सगळी उधारी मागितली, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी बारा तारखेचा वायदा केला. आम्हा भावंडांना आजीनं भाताच्या कणगीमागं झोपवलं, कारण एवढा भात फोडून लोखंड आत यायचं नाही अशी तिची खात्री होती. आभाळ बघावं म्हटलं तर आषाढातला बेळगावचा पाऊस, समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं.

11 जुलैला रात्री दहा वाजून गेल्यावर ते पडलं. हिंदी महासागरात, आणि थोडे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स नावाच्या गावाजवळ. त्या गावानं रस्त्यावर कचरा टाकला म्हणून नासाला 400 डॉलरचा दंड लावला, हे मी पुढं कधीतरी वाचलं आणि एकटीच खूप हसले. आजी असती तर म्हणाली असती, माझ्या कोंबडीचे पण लावा त्यात. आम्ही दोन दिवस रडलो होतो त्या कोंबडीसाठी. तांबूस होती, रोज अंडं द्यायची.

त्याच्याखाली सप्टेंबर 1995. गणपती दूध प्यायला तो गुरुवार. देवळाची रांग वळून पार आमच्या दारापर्यंत आली होती आणि संध्याकाळी घरात कोरा चहा. आप्पांनी चमचाभर पाणी वरवंट्याला लावून दाखवलं, तोही प्यायला. आई दोन दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

सगळ्यात तळाचं पान 1967 चं. घडीवर फाटलेलं, पण मथळा वाचता येतोय. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल. बेळगाव म्हैसूर राज्यातच राहणार (कर्नाटक हे नाव 1973 चं), आणि 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण आप्पांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मला ती डोळ्यांसमोर दिसते.

नंदगड हे आजीचं माहेर. आप्पांनी बातमी मोठ्यानं वाचली आणि आजीनं निवडायचे तांदूळ खाली ठेवले. "म्हणजे आता मी परराज्यातली सून काय रे?" मग एकेक प्रश्न. भाऊबीजेला जाताना वाटेत अडवतील काय? लाडवांवर जकात लागेल काय? माहेरी ठेवलेला तिच्या वाटणीचा तांब्याचा हंडा, तो उद्या महाराष्ट्राचा झाला तर? सकाळी पहिल्या गाडीनं तिनं आप्पांना नंदगडला पिटाळलं. मामाआजोबांनी हंडा काढून दिला आणि विचारलं, "अक्काला म्हणावं, माणसं कधी नेतीस?" येताना गाडीत जागा नव्हती, तेव्हा हंडा मांडीवर आणि त्यात कुणाचीतरी भाजी, असे आप्पा बेळगावला उतरले.

हद्द हलली नाही. महाराष्ट्राला तो अहवाल मान्य नव्हता. 2004 पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे, आणि दर 1 नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्या तारखेला, आपल्याकडं काळा दिवस पाळला जातो, 1956 पासून. आप्पा एकही वर्ष चुकले नाहीत, शेवटच्या वर्षी मी त्यांना रिक्षातून नेलं होतं. सीमाप्रश्न सुटणार अशा मथळ्याची किती पानं या फडताळात आहेत ते आज मोजायला घेतलं होतं, सात झाली आणि मला पुढं मोजवेना. प्रत्येक पानाच्या कडेला आप्पांच्या अक्षरात तारीख आहे, निळ्या शाईत. त्या सातही दिवशी त्यांना ते खरं वाटलं होतं. पोटात कालवतं.

नवा कागद त्या पानांवरच अंथरला, खालचं काही काढलं नाही. मग हंडा चिंच लावून घासला. पाडव्याला नंदगडहून आप्पांचा मामेभाऊ यायचा आहे, मोटारसायकलवरनं. त्याला त्यातलंच पाणी देणार आहे.