क्लांगचं बाक कुट तेह
डुकराच्या बरगड्यांचा रस्सा. होक्कियन या चिनी भाषेत नावाचा अर्थ ‘मांस-हाडांचा चहा’. रश्श्यात मात्र चहापत्ती नसते. चहा वेगळा, सोबत प्यायचा. मलेशियातल्या क्लांगचा रस्सा काळसर, औषधी मुळ्यांचा. सिंगापूरचा बहुधा फिका, मिरीचा.

डुकराच्या १ किलो बरगड्या ५ मिनिटं उकळून ते पाणी फेकाच, नाहीतर रस्सा गढूळ होतो. मग अडीच लिटर पाणी, न सोललेले लसणाचे २ अख्खे गड्डे, दालचिनी, चक्रीफूल, मिरी आणि डांगग्वे या चिनी औषधी मुळीचे दोनच पातळ काप. जास्त झाले की कडवटपणा ठरलेला. मंद आचेवर दीड तास. सोया सॉस शेवटच्या अर्ध्या तासात, कारण रस्सा आटला की खारटपणा वाढतो. हाडाच्या टोकावरून मांस आक्रसून मागे सरकलं, की झालं. लसणाची पाकळी दाबा, लोण्यासारखी सुटते. ती भातावरच घ्यावी.