नाक धरणारा

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. डोळा लागतोय न लागतोय तोच खाली कुठलासा ट्रक मागे यायला लागला आणि त्याचं ते टूं-टूं-टूं सुरू झालं. झोपेतच माझी कंबर उजवीकडे सरकली, उजवा खांदा उशीत रुतला आणि छातीसमोरची एक नसलेली दांडी मी दोन्ही हातांनी धरली. पलंगाची कड लागली तेव्हा जाग आली.

बायको शेजारी वाचत बसली होती. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “अहो, सोडलंय ना तुम्ही?”

“सोडलंय.”

“मग ट्रकलाही सोडा.”

ज्यांनी व्हॅरिओ ऐकलाय त्यांना हे सांगायला नको. हँग ग्लायडर म्हणजे कापडाचा मोठा पंख, त्याखाली पालथं लोंबून उडायचं. त्याच्या दांडीवर बसवलेली मुठीएवढी डबी ती. हवा वर नेत असली की टूं-टूं करते. जितक्या जोरात नेते तितकी घाईघाईने आणि चिरक्या आवाजात. खाली जायला लागलो की तीच एक लांबलचक रडवेला सूर धरते. इंजिन नसताना तासन् तास वर राहायचं तर टूं-टूं ऐकू आलं की वळायचं, आणि ऐकू येतंय तोवर वळतच राहायचं. पस्तीस वर्षं माझ्या कानांनी हेच केलं. आता ग्लायडर नाही, हे त्यांना कुणी कळवायचं?

घारीला ही डबी लागत नाही. घार आभाळात हिंडत असली तरी तिचं चित्त पिल्लांपाशी असतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. माझं या म्हणण्याशी जुनं भांडण आहे. घारींबरोबर एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, त्यांचे डोळे दिसतील इतक्या जवळून मी गोल गोल फिरलोय. पिल्लांचं मला माहीत नाही, पण त्या वेळी तिचं सगळं चित्त पंखाच्या टोकाशी असतं. टोकाची पिसं बोटांसारखी हलत असतात, शेपूट सुकाणूसारखी तिरकी होते आणि हवेचा गाभा जिथे असेल तिथे ती बरोबर सरकते. एकदा एकीने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं होतं. त्या नजरेत वात्सल्य वगैरे काही नव्हतं. हा आपल्यापेक्षा हळू चढतोय, एवढी नोंद घेऊन ती वर निघून गेली.

तर, सोडलं. का सोडलं, असं विचारणाऱ्यांना अपघात ऐकायचा असतो. नाहीतर डॉक्टर, नाहीतर घरच्यांनी घातलेली शपथ. यातलं काहीच झालेलं नाही. आभाळाने मला कधी वय विचारलं नाही. वर गेल्यावर गुडघे दुखत नाहीत. पालथं झोपून, हार्नेसमध्ये, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांच्या झोळीत, पाय लांब करून पडलेल्या माणसाला गुडघे असतात हेसुद्धा आठवत नाही. माझं वय काढलं ते जमिनीने. ग्लायडर तेहेतीस किलोचा, हार्नेस, रिझर्व्ह पॅराशूट आणि हेल्मेट धरून आणखी बारा. हे सगळं खांद्यावर घेऊन उतारावरून आठ-दहा पावलं धावायचं असतं, आणि रेंगाळत धावून चालत नाही. पंखाला ताशी तीसेक किलोमीटरची हवा लागते. समोरून पंधराचा वारा असला तर निम्मं काम तो करतो, उरलेलं पायांनी करायचं. माझे पाय शेवटी शेवटी दहाच्या पुढे जाईनात. मग मी जास्त वाऱ्याची वाट बघत बसू लागलो. आणि जास्त वाऱ्यात ग्लायडर उभा धरायला दोन माणसं लागायची.

“काका, राहू द्या, आम्ही नेतो,” असं पोरं म्हणायला लागली तेव्हा पहिल्या वर्षी मी तो मान समजलो. दुसऱ्या वर्षी सवय झाली. तिसऱ्या वर्षी एकदा कुणी म्हणालं नाही, आणि मी इकडे तिकडे बघत उभा राहिलो. त्याच दिवशी मनात ठरलं असावं.

मग मित्रांचं सुरू झालं की निरोपाचं एक उड्डाण व्हायला हवं. फोटो काढू, सगळे जमू. मी साफ नाही म्हटलं. हे शेवटचं, असं ठरवून डोंगराच्या कडेवर उभं राहणं मला पटत नाही. माणूस मग वाऱ्याकडे बघत नाही, स्वतःकडे बघतो. माझं शेवटचं उड्डाण आधीच होऊन गेलं होतं. तेव्हा ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं, इतकंच. साडेतीनशे मीटरचा डोंगर, सात मिनिटं. एक थर्मल मिळाला नाही. डबी सगळा वेळ रडत होती. उतरताना शेवटच्या क्षणी दांडी जोरात वर ढकलून नाक, म्हणजे ग्लायडरचं पुढचं टोक, उभं करावं लागतं, घार फांदीवर टेकताना पंख उभे करते तसं, म्हणजे ग्लायडर थांबतो आणि आपण पायांवर उतरतो. मी अर्धा सेकंद उशीर केला. नाक मातीत टेकलं, मी गुडघ्यांवर. कुणी पाहिलं नाही. इतकं रटाळ उड्डाण गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

त्याआधीची चांगली होती की. एकदा ब्याण्णव किलोमीटर गेलो होतो. माझ्यापुरता तो विक्रमच. जगातल्या विक्रमांशी तुलना करू नये. 2012 साली दोन पायलट टेक्सासमधल्या एकाच ठिकाणाहून एकाच दिवशी निघाले. एक 761 किलोमीटर गेला आणि दुसरा 764. त्या गावाचं नाव झपाटा आहे, हे मला कुणीतरी थट्टेने सांगितलेलं वाटलं होतं, पण नकाशात खरंच तसं आहे. दिवसभर बरोबर उडून तीन किलोमीटरने हरलेल्या त्या माणसाचा मी पुष्कळदा विचार करतो. असो. माझ्या ब्याण्णवाव्या किलोमीटरला मी एका शेतात उतरलो तेव्हा शेतकरी धावत आला, पंखाखाली वाकून मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “कुठनं पडलात?” या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही आणि अजूनही सुचलेलं नाही.

आता पॅराग्लायडिंग करा, असं सुचवणारेही भेटतात. सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं, धावावंही कमी लागतं. खरं आहे. माझे निम्मे सोबती केव्हाच तिकडे गेले. पण ते खुर्चीत बसल्यासारखं बसून उडतात. मला ते जमायचं नाही. बसायचंच असेल तर घरी खुर्ची आहे. (हे मी पॅराग्लायडरवाल्यांसमोर म्हणत नाही; त्यांच्यातला कुणीतरी मला नेहमी परतीला गाडीतून आणतो.)

गाडीचंही तेच झालंय. गुंडाळलेला ग्लायडर म्हणजे साडेपाच मीटरचा लांब सोट. टपावर बांधला की पुढे नाक आणि मागे शेपूट बाहेर, टोकाला लाल फडकं. त्यामुळे इतकी वर्षं मी तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी घातलेली नाही. आता टप रिकामा आहे, तरी तळघराच्या तोंडाशी आलो की ब्रेकवर पाय जातो. गाडीच्या पुढून जाताना मी आजही वाकतो. बायको म्हणते, लोकांना वाटत असेल हा माणूस बोनेटला नमस्कार करतो.

ग्लायडर विकायचा ठरला तेव्हा शेवटचा एकदा उघडला. सगळ्या बॅटन, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या कापडातल्या काठ्या, काढल्या, साच्यावर ठेवून वाक तपासला, पुसल्या, पुन्हा घातल्या. मग गुंडाळायची वेळ आली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बायको. पंखाचं कापड दोघांनी ताणून धरायचं, चुणी पडू न देता आत दुमडत जायचं. तिने कापडाची कड दोन्ही हातांत धरली आणि मागे झुकली, आणि मला एकदम आईची चादर आठवली.

गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायचं काम आम्हा दोघांचं असायचं. आई त्या टोकाला, मी या टोकाला. दोन्ही कोपरे मुठीत धरायचे, झटका द्यायचा, ताणायचं, मग तिच्याकडे चालत जाऊन कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. एका दुपारी दोन माणसांच्या पलंगावरची मोठी चादर होती आणि नेमका वारा सुटला. खालून फुगला, वरून नाही. चादर पोटासारखी गोल झाली आणि माझ्या टाचा उचलल्या गेल्या. टाचाच, चवडे जमिनीवर होते. आई पलीकडून ओरडली, “सोड! सोड!” मी सोडली नाही. तिला वाटलं चादर कठड्यावरून जाईल. मला वाटलं मी जाईन, आणि ते मला चालणार होतं. दोन-तीन सेकंदांत वारा पडला. आई धावत आली, आधी एक रट्टा दिला, मग चादर फाटली नाही ना ते पाहिलं, मग मला जवळ घेतलं. या क्रमाबद्दल मी तिला मोठेपणी चिडवत असे.

या खेळाचं मूळही असंच घरातल्या कापडात आहे, हे मला फार नंतर कळलं. 1948 साली अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी आपल्या मऊ पंखाचा नमुना स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडातून केला. रोगॅलो सरकारी विमानसंशोधन संस्थेत इंजिनिअर होते, पण हा उद्योग घरचा, स्वतःच्या वेळातला. पुढे नासाने तो पंख अंतराळयान उतरवण्यासाठी तपासून पाहिला आणि शेवटी साधं पॅराशूटच बरं म्हणून सोडून दिला. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांनी त्या पंखाखाली त्रिकोणी दांडी लावली, माणूस झोपाळ्यासारखा मधोमध टांगला आणि बोटीमागे पाण्यावरून उडवला. आमची दांडी ती हीच. स्वतःचं वजन सरकवून वळायचं, ही कल्पना मात्र त्याहून जुनी, जर्मनीतल्या ओटो लिलिएंटालची. तो काखेत पंख अडकवून, खाली लोंबणारे पाय इकडे तिकडे झाडत उडायचा. पाच वर्षांत दोनेक हजार वेळा उडाला. 1896 च्या ऑगस्टमध्ये पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी जास्त म्हातारा होऊन थांबतोय, आणि तेही गुडघ्यांमुळे. तक्रार करायला तोंड नाही.

ग्लायडर घ्यायला एक मुलगी आली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. किंमत विचारायच्या आधी तिने ग्लायडरखाली आडवं पडून तारा तपासल्या, प्रत्येक गाठीवरून नख फिरवलं. मला ती तिथेच आवडली. बाजूच्या तारा बदलून घे, म्हटलं. कापड उन्हात ठेवू नकोस, जेवायला गेलीस तरी झाकून जा. ती हो हो म्हणत होती. टपावर बांधून झाल्यावर विचारलं, “काका, आणखी काही?”

“निघायच्या आधी...”

“अडकवलं का, ते बघायचं,” तिनेच पुरं केलं आणि हसली. “सगळे तेच सांगतात.”

सगळे तेच सांगतात, कारण ते विसरलं जातं. हार्नेस अंगावर असतो, ग्लायडर खांद्यावर असतो, आणि दोघांना जोडणारा पट्टा अडकवलेलाच नसतो. उभ्या माणसाला फरक कळत नाही. 2018 साली स्वित्झर्लंडमध्ये पहिल्यांदाच उडणाऱ्या एका प्रवाशाला पायलटाने अडकवलं नव्हतं. तो दोन मिनिटांहून जास्त वेळ नुसत्या हातांनी लोंबकळला आणि मनगट मोडून वाचला. ती चित्रफीत जगाने पाहिली. मी अर्धीच पाहू शकलो.

कारण माझा एक मित्र असाच गेला होता. गेला म्हणजे कड्यावरून. अडकवून, लोंबून, तपासून झालं होतं. मग गाडीत राहिलेले हातमोजे आणायला त्याने पट्टा सोडला, हातमोजे आणले, घातले, ग्लायडर उचलला. वारा छान लागला होता, सगळ्यांना घाई होती. तीन-चार सेकंद दांडीला धरून राहिला. खाली झुडपं होती म्हणून कमरेवर निभावलं. तो पुन्हा उडाला नाही. आम्ही अजून भेटतो, गप्पा मारतो आणि त्या दुपारच्या कडेकडेने जातो. त्या दिवशी त्याच्या ग्लायडरचं नाक मी धरलं होतं. वारा स्थिर होईपर्यंत समोर उभं राहून नाक धरायचं आणि सगळं ठीक दिसलं की सोडून बाजूला व्हायचं, एवढंच त्या माणसाचं काम. मी वाऱ्याकडे बघत होतो. सोडलं.

हे त्या मुलीला सांगितलं नाही. हो, सगळे सांगतात, एवढंच म्हटलं.

ती गाडीत बसली, काच खाली केली. “रविवारी पहिल्यांदा काढीन म्हणते. तुम्ही याल का? नाक धरायला कुणी नाहीये.”

येतो म्हणालो. रविवारचा वारा बघायला हवा.