चौतिसाव्या वर्षी जीएनएम

नर्सिंगला वयाची अट असते हे मला चौकशीला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. भारतीय परिचर्या परिषदेचा नियम असा, की जीएनएमला, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी या डिप्लोमाला, प्रवेश घेताना वय कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ३५. मला चौतीस पूर्ण होऊन वर काही महिने झाले होते. म्हणजे त्या वर्षी नाही तर कधीच नाही. एका अर्थी बरंच झालं. मला कुठलाही निर्णय घ्यायचा म्हणजे चार जणांना विचारून घोळ घालायची सवय, तो घालायला वेळच उरला नाही.

त्याआधी दहाएक वर्षं मी एका पतसंस्थेत कॅशियर होते. संस्था बुडाली. नाव घेत नाही, आमच्या सांगली भागात अशा संस्थांची वाण नाही. ठेवीदार रोज दारात यायचे, काउंटरवर मी दिसायचे, त्यामुळे शिव्याही मलाच. पगार आधीच थकलेला. नवऱ्याची कुपवाड एमआयडीसीत नोकरी, मुलगा सातवीत, घरात सासूबाई. दुसऱ्या पतसंस्थेत जाऊन पुन्हा तेच करायची इच्छा नव्हती. आणि राहायला मिरजेत. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे दवाखाना काढला तेव्हापासून हे गाव दवाखान्यांवरच जगतंय. नर्सला मिरजेत काम मिळणार नाही असं होत नाही, हा माझा सगळा विचार. प्रवेशाच्या वेळी ‘नर्सिंगच का?’ असं विचारलं, तेव्हा माझ्या पुढच्या सगळ्या मुलींनी रुग्णसेवा सांगितली. मी म्हटलं, ‘नोकरी लागते म्हणून.’ समोरच्या मॅडम हसल्या, पण नाव लागलं.

माझी बारावी कॉमर्सची. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, त्यामुळे तो रस्ता बंद. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स) दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. जीएनएमला बारावीत ४० टक्के हवेत आणि इंग्रजीतही तेवढेच. एएनएम लवकर संपतो म्हणून घरच्यांचा कल तिकडे होता. मी जीएनएमवर अडून बसले, कारण मोठ्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळायला स्टाफ नर्स म्हणून जीएनएम किंवा बीएस्सीच घेतात. एक वर्ष वाचवून जन्मभर खालच्या पायरीवर राहायचं मला पटेना.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त करमणूक गॅप सर्टिफिकेटने केली. बारावीनंतर शिक्षणात खंड पडला असेल तर त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. टायपिंग करणाऱ्या काकांनी सवयीने ‘एक वर्ष’ टाइप केलं, मी म्हटलं सोळा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. ‘मुलीचं आहे का?’ ‘माझंच आहे.’ वैद्यकीय दाखला, डोमिसाइल, शाळा सोडल्याचा दाखला हे बाकीचं दोन-चार चकरांत झालं. फी भरायला बांगड्या तारण ठेवल्या, त्याही एका पतसंस्थेतच.

कॉलेजचा आग्रह हॉस्टेलचा. घरून येण्याची परवानगी मिळाली, पण अर्जावर नवऱ्याची सही हवी म्हणाले. दहा वर्षं लोकांच्या लाखोंच्या पावत्यांवर माझी सही चालत होती, आता माझ्या येण्याजाण्याला दुसऱ्याची. भांडायची ती वेळ नव्हती. सही आणून दिली.

वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली. ‘ताई’ म्हणायच्या. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, नर्सिंगचे पायाभूत विषय, प्रथमोपचार, कम्युनिटी हेल्थ. पुस्तकं सगळी इंग्रजी. पाठांतरात त्या मुलींपुढे माझा टिकाव लागत नव्हता. मेंदूपासून निघणाऱ्या बारा नसांची नावं क्रमाने म्हणायला त्यांना एक संध्याकाळ लागली, मला आठवडा. तोही मुलाने रोज जेवताना माझी उजळणी घेतली म्हणून. आईला नापास करायची संधी त्याने एकदाही सोडली नाही.

हिशोबात मात्र मी पुढे होते. सलाईन किती थेंबांनी सोडायचं याचं साधं सूत्र आहे: एकूण मिलिलिटर गुणिले सेटचा ड्रॉप फॅक्टर, भागिले मिनिटं. ५०० मिलि चार तासांत द्यायचंय आणि सेट मिलिला २० थेंबांचा, तर १०,००० भागिले २४०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मुली कागद शोधेपर्यंत माझं उत्तर तयार असायचं. मग परीक्षेआधी त्या माझ्याकडे डोस कॅल्क्युलेशन शिकायला आणि मी त्यांच्याकडे नसांची नावं, असा व्यवहार सुरू झाला तो तिन्ही वर्षं चालला.

वॉर्डात पहिले काही महिने बेड मेकिंग, स्पंजिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), बेडपॅन. ज्यांना या कामाची किळस वाटेल का असा प्रश्न पडतो त्यांना सांगते, चौथ्या-पाचव्या दिवशी ती जाते. मूल वाढवलेल्या बाईला तर आधीच गेलेली असते. जात नाही ती लाज. आपल्याहून आठ वर्षांनी लहान सिस्टर सगळ्यांदेखत चादरीच्या कोपऱ्यावरून बोलते, आणि कोपरा खरंच चुकलेला असतो असंही नाही. नातेवाईक तर माझं वय बघून थेट ‘मावशी, पॉट द्या’ म्हणायचे. युनिफॉर्म विद्यार्थिनीचा आहे हे त्यांना कुठून कळणार! पॉट देणं हेही विद्यार्थिनीचंच काम असल्यामुळे चिडायलाही जागा नव्हती. खऱ्या मावशींना हे कळल्यावर त्या खूप हसल्या, आणि त्यांनीच मला जड पेशंटला चादरीसकट कसं वळवायचं ते शिकवलं. आधी त्याचा पलीकडचा गुडघा उभा करायचा, मग खांदा आणि कंबर एकदम आपल्याकडे. पाठ वाचते. ट्यूटर मॅडमनी हेच फळ्यावर शिकवलं होतं, पण माझ्या हातात बसलं ते मावशींमुळे.

दुसऱ्या वर्षी सर्जिकल वॉर्डात रात्रपाळी होती. अथणीकडचे एक आजोबा, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. अशा पेशंटला तीन तोंडांचा कॅथेटर असतो: एक तोंड आतला फुगा फुगवायला, दुसऱ्यातून नॉर्मल सलाईन मूत्राशयात सोडत राहायचं, तिसऱ्यातून ते युरोबॅगमध्ये बाहेर. रक्ताच्या गुठळ्या जमू नयेत म्हणून हे धुणं सतत चालतं. सोडलेलं सलाईन आणि वर आजोबांची स्वतःची लघवी, म्हणजे बाहेर येणारं नेहमी जास्तच भरायला हवं. मी बॅग रिकामी करून दर वेळी आकडा लिहीत होते. संध्याकाळी कॅश टॅली करायची तशीच सवय, त्यात काही विशेष नाही. दोनच्या सुमारास बेरीज मारली तर बारापासून आत गेलं होतं दोन लिटर आणि बाहेर आलं होतं तेराशे मिलि. सातशे गेले कुठे?

आजोबा तळमळत होते. मिरजेतले निम्मे पेशंट सीमेपलीकडचे, त्यामुळे ‘नोवु’ (दुखणं), ‘नीरु’ (पाणी), ‘ऊट’ (जेवण) एवढं कानडी आम्हा सगळ्यांना येतं. ते ‘नोवु, नोवु’ म्हणत होते आणि उशाशी बसलेला मुलगा ‘गॅस झालाय, गोळी द्या’ म्हणत होता. नळी कुठे मुडपलीय का पाहिलं, नव्हती. ओटीपोटावर हात ठेवला तर ते टणक लागलं. सिस्टरना उठवलं नाही, त्या जाग्याच होत्या. चार्ट पुढे धरला. त्यांनी आकड्यांकडे एकदा बघितलं, आधी सलाईन बंद केलं आणि मग डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी मोठ्या सिरिंजने कॅथेटर धुऊन गुठळ्या ओढून काढल्या, काळपट, बोटाच्या पेराएवढ्या. पुढच्या काही मिनिटांत बॅग भरभरून वाहायला लागली आणि आजोबा झोपले. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, ‘लिही सगळं. वेळेसकट लिही.’

त्या रात्रीनंतर मला हे काम कळायला लागलं असं म्हणेन. मायाळू स्वभाव असला तर चांगलंच, पण नर्सचा दिवस जातो तो बघण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात. लिहिलं नाही ते केलंच नाही, असं वॉर्डात म्हणतात आणि ते खरं आहे, कारण सकाळी आपल्याकडून वॉर्ड ताब्यात घेणारी सिस्टर तुमच्या मनातलं वाचू शकत नाही. पतसंस्थेतली वर्षं वाया गेली असं मला वाटायचं, ते वाटणं तिथे थांबलं.

तिसऱ्या वर्षी मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचं काम. वीस नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हाताने करून केस बुकात नोंदवाव्या लागतात. हा भाग मला आवडला आणि याच भागात मला सर्वात जास्त राग आला. कळा देणाऱ्या बाईवर ओरडायची एक पद्धतच पडलीय. ‘तेव्हा नाही रडलीस’ हे वाक्य मी एकाहून जास्त ठिकाणी ऐकलं, तेही बायकांच्याच तोंडून. नव्या मुली आधी दचकतात आणि सहा महिन्यांत स्वतः ओरडायला लागतात. मला एक फायदा होता: मी स्वतः त्या टेबलावर झोपलेली होते, मला ओरडलेलं आठवत होतं. कंबरेवर हात ठेवून ‘आता श्वास सोड, आता थांब’ असं हळू सांगितलं तरी बाळ येतं.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी आम्हाला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पाठवलं होतं. घर सोडून इतके दिवस मी लग्नानंतर पहिल्यांदाच राहिले. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे मावणार नाही. कम्युनिटीचं पोस्टिंग म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, घरभेटी, लसीकरण. ऊन फार, शिकायला ठीक.

घरी काय झालं हे सगळ्या बायका विचारतात. नवऱ्याला पोळ्या येत नव्हत्या, अजूनही येत नाहीत, पण भात-आमटी आणि डबा भरणं जमायला लागलं. रात्रपाळीहून आल्यावर मला दुपारपर्यंत कोणी हाक मारायची नाही एवढा एक नियम मी केला आणि तो पाळला गेला. सासूबाईंचा विरोध होता. परक्या पुरुषांचं अंग पुसायचं, हे त्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. आता पगार घरात येतो, त्यांची बीपीची गोळी मीच देते, तरी पाहुण्यांना त्या अजून ‘दवाखान्यात ऑफिसला आहे’ असंच सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

परीक्षा झाल्या, निकाल लागला, मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली: परिचारिका आणि प्रसविका, दोन्ही. हा नोंदणी क्रमांक हाच खरा परवाना, तो नसेल तर प्रमाणपत्राला वॉर्डात किंमत नाही. मग सरकारी नोकरीचं गणित मांडलं. राज्य सेवेत खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ पर्यंत आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत अर्ज करता येतो. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेला तर तिशीचीच मर्यादा. मी खुल्या प्रवर्गातली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी पास झालेली. अधिपरिचारिकांची, म्हणजे सरकारी स्टाफ नर्सची, जाहिरात माझ्या हातात असलेल्या महिन्यांत निघाली नाही आणि दार बंद झालं. प्रवेश घेताना ही बेरीज कोणी करून दिली नव्हती, म्हणून इथे देतेय. पस्तिशीला शिरणाऱ्या बाईने खासगी नोकरी धरूनच हिशोब मांडावा.

आणि खासगीतला पहिला पगार बघून मी घरी येऊन गप्प बसले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने सांगितलंय, की ५० खाटांहून लहान हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० मिळावेत आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सच्या बरोबरीने. शिफारशी कागदावर छान आहेत. मी ज्या पहिल्या ठिकाणी लागले तिथे त्यांचं नाव काढल्यावर ‘मग सरकारी बघा की’ असं उत्तर मिळालं. वर्षभर अनुभव घेतला, आयसीयूचं काम शिकले आणि जागा बदलली. आता बऱ्यापैकी आहे. बांगड्याही सुटल्या.

माझं बघून ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारायला येतात. तेहतीस-चौतिशीतल्यांना मी आधी बारावीची मार्कशीट काढायला लावते, इंग्रजीचे गुण बघते आणि त्याच आठवड्यात गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला पाठवते. पस्तिशी ओलांडलेल्यांना तोंडावर सांगावं लागतं, की जीएनएम आणि एएनएम दोन्ही गेलं. जीएनएमला वयाची सूट आहे ती फक्त आधीच एएनएम किंवा एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) असलेल्यांना. रुग्ण सहायकाचे छोटे कोर्स त्यांना करता येतात, त्यात कामही भरपूर आहे, पण ती नर्स नव्हे. एसटी स्टँडबाहेर ‘सहा महिन्यांत नर्स व्हा, वयाची अट नाही’ असे बोर्ड लागलेले असतात. परवा जतहून एक बाई तसल्याच ठिकाणी पैसे भरायला निघाली होती, वाटेत मला भेटायला आली. तिला म्हटलं, त्यांना एकच विचार, कोर्स संपल्यावर परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मिळतो का, आणि मिळतो म्हणाले तर ते लिहून माग. तिने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडच्याने ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत’ म्हणून ठेवला.